नळीवरून अंगावर: वेळेआधी आलेल्या बाळाला पाजायला शिकताना

आमचा बाबू ३० आठवडे आणि २ दिवसांवर आला, १३५० ग्रॅम, ऐन मे महिन्याच्या उकाड्यात. डॉक्टरांनी सगळं समजावलं होतं, श्वास, इन्फेक्शन, कावीळ, पण माझ्या डोक्यात फक्त त्याच्या नाकातली ती बारीक नळी बसली होती. नळी काढली की घरी, एवढंच माझं गणित. नंतर कळलं की नळी एका दिवशी कुणी येऊन काढून टाकत नाही, ती हळूहळू बिनकामाची होत जाते, आणि तशी व्हायला मधले जे काही आठवडे जातात त्यात आईबापाला करण्यासारखं बरंच असतं आणि न करण्यासारखं त्याहून जास्त. आता गोव्यात डिचोली, साखळी, पेडणे, कुठेही ओळखीत असं बाळ आलं की मला फोन येतो आणि मी दरवेळी तेच तेच सांगते, म्हणून एकदाच लिहून टाकते. मी डॉक्टर नाय. तुमच्या बाळाचं काय ते तुमचे डॉक्टर आणि सिस्टरच ठरवणार, पण ते नेमकं काय बघतायत हे कळलं तर बाहेरच्या बाकावर बसून जीव कमी टांगणीला लागतो.

आधी आठवडे मोजा

घरचे विचारतात बाळ किती दिवसांचं झालं. एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, हा प्रश्नच चालत नाही. जन्माच्या वेळी किती आठवडे भरले होते त्यात नंतर गेलेले आठवडे मिळवायचे, तेच बाळाचं खरं वय. बाबू ३ आठवड्यांचा झाला तेव्हा तो ३३ आठवडे २ दिवसांचा होता, म्हणजे सरळ बोलायचं तर अजून पोटातच असायला हवा होता. कॅलेंडरवर दर आठवड्याला पेनने आकडा लिहून ठेवा, सासूबाईंना पण दाखवा, अर्धे प्रश्न तिथेच संपतात.

आठवडे का मोजायचे, तर बाळ गर्भातलं पाणी गिळायला फार लवकर शिकतं, तोंडाने चोखल्यासारखी हालचालही २८ आठवड्यांच्या आसपास दिसते, आणि ती बघून आपण म्हणतो अगं बघ कसं मागतंय, द्या की दूध. पण नुसतं चोखून भागत नाही. चोखायचं, मग गिळायचं, गिळताना श्वास क्षणभर थांबवायचा, मग श्वास घ्यायचा, परत चोखायचं, ही लय लागावी लागते. पाणी पिता पिता बोललो तर आपल्याला पण ठसका लागतो ना, तेच. ही लय साधारण ३२ ते ३४ आठवड्यांत जमायला सुरुवात होते आणि पक्की व्हायला ३६-३७ उजाडतात. त्याआधीचं बाळ आठ-दहा घोट एका दमात ओढतं, श्वास घ्यायचं विसरतं, आणि मॉनिटर वाजायला लागतो. शिवाय गालात चरबीच्या गाद्या भरलेल्या नसतात त्यामुळे ओढ कमी पडते, आणि अंगात ताकद एवढीशी की पिऊनच दमतं.

म्हणून आपल्याकडे बहुतेक ठिकाणी शिडी ठरलेली असते. २८ आठवड्यांच्या आतलं बाळ मुख्यतः सलाईनवर, सोबत नळीने अगदी थोडं थोडं दूध, २८ ते ३१ नळीनेच, ३२ ते ३४ वाटी-चमचा किंवा पलाडाई (चोचीची छोटी वाटी), ३४ नंतर अंगावर. ही ढोबळ शिडी आहे हां, रेल्वेचं टाइमटेबल नाय. ज्याची फुफ्फुसं आजारी आहेत, जे खूप दिवस ऑक्सिजनवर आहे, त्याला ३५-३६ला पण जमत नाही, आणि शेजारच्या कॉटवरचं ३३लाच मस्त चोखायला लागतं. वजनाचंही तसंच. १८०० ग्रॅम झालं म्हणून तोंडाला चावी मिळत नाही.

तोवर तुमचं काम दूध टिकवायचं

हे काम कंटाळवाणं आहे आणि सगळ्यात महत्त्वाचं आहे. बाळ ओढत नाही म्हणजे शरीराला वाटतं गिऱ्हाईकच नाही, दुकान बंद करा. म्हणून बाळंतपणानंतर होईल तितक्या लवकर, शक्यतो पहिल्या काही तासांतच, हाताने पिळायला सुरुवात करायची आणि मग २४ तासांत ८ ते १० वेळा, त्यातलं एकदा तरी रात्री. पहिल्या दिवसांत चिकाचे दोन-चार थेंब येतात आणि रडू येतं, एवढंच का म्हणून. ते थेंब टाकू नका, सिरिंजमध्ये घेऊन सिस्टरकडे द्या, बऱ्याच ठिकाणी तो चीक बाळाच्या गालाच्या आतून लावतात, बाळ नळीवर असलं तरी.

साठवायचं कसं ते तुमच्या वॉर्डचा नियम असेल तोच पाळा, साधारण हिशेब असा की बाहेर जास्तीत जास्त ४ तास आणि फ्रीजमध्ये आतल्या बाजूला, दारात नाही, २४ तास. मे महिन्यात आमच्या स्वयंपाकघरात मी दोन तासांवर कधी बाहेर ठेवलं नाही. दूध उकळायचं नाही, मायक्रोवेव्हमध्ये तर अजिबात नाही, कोमट पाण्यात वाटी ठेवून गार गेलं की झालं. डिस्चार्ज मिळून मी घरी आणि बाबू इस्पितळात अशा दिवसांत दूध रोज डिचोलीहून पाठवायचं होतं, तर आमच्या घोवाने पहिल्या दिवशी कौतुकाने मासळी आणायचा थर्माकोलचा डबा धुऊन आणला. तीनदा धुतलेला. तरी इसवणाचा वास. सिस्टरने झाकण उघडलं, माझ्याकडे बघितलं, आणि न बोलता बंद केलं. नवीन छोटी आइसबॅग आणि दोन जेलपॅक घ्या, बाटलीवर नाव, तारीख, वेळ.

पेजेवर, मेथीवर, नाचणीच्या तिजानावर दूध वाढतं का म्हणून विचारतात. खा की, चांगलंच आहे, पोट भरतं. पण दूध वाढतं ते काढल्याने.

छातीवर घ्या आणि रिकामं चोखू द्या

कांगारू म्हणजे केएमसी, कांगारू मदर केअर, बाळाला उघड्या अंगाने आपल्या छातीला लावून धरायचं, ही पद्धत १९७८ साली कोलंबियातल्या बोगोटामध्ये सुरू झाली कारण तिथे इन्क्युबेटर कमी पडत होते, आणि आज ती इन्क्युबेटर असूनही करतात. २०२१ साली भारतासह पाच देशांतल्या अभ्यासाचा निकाल आला, १ ते १.८ किलोच्या बाळांना स्थिर व्हायची वाट न बघता जन्मल्या जन्मल्या छातीवर घेतलं तर मृत्यू चौथ्या हिश्शाने कमी झाले. आता जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ८ ते २४ तास सांगते. आठ तास ऐकून घाबरू नका, बाबा घेतो, आजी घेते, मावशी घेते, सगळं धरलं जातं. उकाड्यात घाम येतो, बाळाला काही होत नाही, सुती ओढणी घ्या.

याचा तोंडाने पिण्याशी संबंध असा की छातीवर असलेलं बाळ दुधाचा वास घेतं, शांत झोपतं, आणि जागं झालं की आपोआप तोंड शोधायला लागतं. तेव्हा सिस्टरना विचारून स्तन आधी पूर्ण पिळून रिकामं करायचं आणि बाळाला नुसतं चोखू द्यायचं. दूध येत नाही म्हणजे ठसक्याची भीती नाही, सराव मात्र होतो. वरून त्याच वेळी नळीने दूध चालू असेल तर अजून चांगलं, चोखलं की पोट भरतं हे त्याच्या डोक्यात बसतं. अशी नुसतं चोखणारी बाळं नळीवरून तोंडावर लवकर येतात आणि घरीही लवकर जातात, हे बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. मला सुरुवातीला हे खोटं खोटं वाटायचं, रिकाम्या वाटीत चमचा ढवळल्यासारखं. चार दिवसांनी त्याच्या चोखण्यात फरक माझ्या मलाच कळला, आधी तीनदा चोखून थांबायचा, मग सहा-सात वेळा, मध्ये नीट श्वास घेऊन.

बाळ तयार आहे हे कसं ओळखायचं

फीडच्या वेळेच्या जरा आधी जाऊन नुसतं बघत बसा, हात लावू नका. आपणहून जागं होतंय का, हात तोंडाकडे नेतंय का, ओठाला बोट लागलं तर मान वळवून तोंड उघडतंय का, नळीच चोखतंय का, हातपाय जरा वाकलेले, अंगात जोर आहे का लुळं पडलंय. श्वास शांत हवा, मिनिटाला ६० च्या वर चालला असेल तर सहसा तोंडाने देत नाहीत. मॉनिटरवर सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा, स्थिर हवं, नुसतं डायपर बदलताना पण खाली जात असेल तर पिताना जाणारच. रडणं ही शेवटची खूण आहे, रडेपर्यंत थांबलात तर त्याची सगळी ताकद रडण्यात जाते आणि मग दोन घोटांत झोप.

दिवसातून एखाद्याच फीडला अशा खुणा दिसतील, बाकी वेळी ढिम्म. ते चालतं. त्या एकाच फीडला तोंडाने द्यायचं, बाकीचे नळीने. आमच्या वॉर्डात एक वयस्कर सिस्टर होत्या, मी रोज विचारायचे आज देऊया का, आणि त्या त्याच्याकडे बघून म्हणायच्या, "बाय, ताका न्हिदूंक दी, मागीर पळोवया." म्हणजे झोपू दे त्याला, मग बघू. मला राग यायचा.

पहिल्यांदा अंगावर

वेळ निवडा जेव्हा वॉर्डात गडबड नाही, राउंड चालू नाही. आधी थोडं दूध पिळून काढा, कारण पहिला पान्हा जोरात येतो आणि एवढ्याशा तोंडाला ते म्हणजे पावसात पन्हळीखाली उभं केल्यासारखं. बाळाला काखेखालून बाजूला धरा किंवा समोरून आडवं, काखेखालून धरलं तर त्याच बाजूच्या हाताने, आडवं धरलं तर ज्या बाजूला पाजायचं त्याच्या विरुद्ध हाताने मानेला आणि खांद्यांना आधार, डोकं मागून दाबायचं नाही, दाबलं की ते उलट मागे ताणतं. अंग सरळ रेषेत, पोट तुमच्या पोटाला. हनुवटीखाली एक बोट आधाराला ठेवलं तर जबडा घसरत नाही.

मग काय, वाट बघा. पहिल्या दिवशी चाटेल, दुसऱ्या दिवशी दोन घोट, असंच असतं. पाच मिनिटं पुरे. पुढे वेळ वाढला तरी २०-३० मिनिटांच्या वर ओढायचं नाही, त्यानंतर जे पितं त्यापेक्षा जास्त खर्च करतं. उरलेलं नळीने. नळीने दिलं म्हणजे तुम्ही नापास झालात असं नाही, हे मी मलाच शंभरदा सांगितलंय.

कधी थांबायचं, आणि माझी चूक

ही गोष्ट सांगायला लाज वाटते पण सांगते. बाबू ३४ आठवड्यांचा, दीड किलोच्या वर थोडा, दर दोन तासांनी २० एमएल, पलाडाईने. बाजूच्या कॉटवरच्या बाईचं बाळ ३० घेत होतं आणि ती उद्या घरी जाणार होती. आमच्या बाबूने १२ घेतलं आणि डोळे मिटले. हात सुटले, बोटं पसरली, भुवया वर, कोपऱ्यातून दूध ओघळलं. आज मला कळतं की तो पाच वेळा बस म्हणाला. तेव्हा मला फक्त ८ एमएल बाकी दिसत होतं. तळव्याला टिचक्या मारल्या, कान चोळला, आणि तोंडाच्या कडेने ओतत राहिले. तो गिळायचा थांबला, ओठांभोवती निळसर झालं, मॉनिटरवर सॅच्युरेशन ७० की काय. सिस्टरने हातातून घेतलं, बसता करून पाठ चोळली, रंग परत आला, पूर्ण अर्धं मिनिटही गेलं नसेल. त्यानंतर दोन दिवस फक्त नळी. त्याच्यामुळे नाही, माझ्यामुळे.

म्हणून या खुणा पाठ करा: पिता पिता झोपणं, बोटं फाकवणं, भुवया वर करून घाबरल्यासारखं बघणं, तोंड फिरवणं, नाकपुड्या फुलणं, उचकी, परत परत शिंका किंवा जांभया, घटघट आवाज, दूध ओघळणं. यातली एक दिसली तरी थांबा, सरळ धरा, श्वास मार्गी लागू दे. परत मागितलं तर द्या, नाही तर संपलं. रंग बदलला, श्वास थांबला, ठोके खाली गेले तर त्या वेळचं तोंडाने देणं बंद आणि सिस्टरला हाक.

पलाडाई, बाटली

पलाडाई म्हणजे आपल्या बोंडल्याचीच बहीण, चोच असलेली छोटी वाटी. बाळ जागं हवं, गुंडाळून अर्धवट बसतं धरायचं, मानेला आधार. अर्धी भरा, चोच खालच्या ओठाच्या कोपऱ्यावर टेकवा, दूध ओठाला लागेल इतकीच कलती करा, थोडं आत गेलं की गिळेपर्यंत थांबा आणि मगच पुढचं. घसा हलला का ते बघत राहायचं. मग खांद्यावर घेऊन ढेकर, आणि १५-२० मिनिटं सरळ धरून ठेवा. वापरल्यावर साबणाने घासून उकळायची, दरवेळी, घाई असली तरी. घरी दोन-तीन ठेवा म्हणजे एक उकळत असताना दुसरी हाताशी.

बाटलीबद्दल माझं मत तुम्हाला कळलंच असेल. बूच, म्हणजे निप्पल, धुवायला कठीण, जंतू लवकर धरतात, आणि बाटलीतून दूध बाळाच्या मनाविरुद्धही येत राहतं. अंगावर पिताना बाळ वेग स्वतः ठरवतं, अशा बाळांचा ऑक्सिजन बाटलीपेक्षा जास्त स्थिर राहतो हेही तपासून झालंय. १९९२च्या कायद्याने आपल्या देशात बाटलीच्या आणि पावडरच्या जाहिरातीवर बंदी आहे, ती उगाच नाही. तरी काही बाळांना डॉक्टर बाटली सांगतात, तेव्हा अपराधी वाटून घेऊ नका, सगळ्यात हळू येणारं बूच घ्या, बाळाला कुशीवर जरा उंच डोक्याने धरा, आणि चार-पाच घोटांनी बाटली खाली कलती करून श्वासाला जागा द्या.

पुरतंय का

दिवसाचं एकूण दूध डॉक्टर वजनावरून काढतात, पूर्ण फीडवर आलेल्या बाळाला साधारण किलोमागे १५० ते १८० एमएल. म्हणजे दीड किलोच्या बाळाला १६० ने २४० एमएल, बारा फीडांत भागलं की २०. अंगावर किती गेलं ते दिसत नाही म्हणून काही ठिकाणी त्याच कपड्यांत आधी आणि नंतर वजन करतात. नाहीतर रोजचं वजन बघा, या काळात किलोमागे दिवसाला १५-२० ग्रॅम वाढ चांगली. एखाद दिवस वाढलं नाही तर लगेच दूध कमी पडतंय म्हणून रडारड नको, तीन-चार दिवसांचा कल बघायचा. फोर्टिफायर (आईच्या दुधात मिसळायची पोषणाची पावडर), व्हिटॅमिन डी, लोहाचे थेंब हे सगळं डॉक्टर सांगतील तसंच, वॉट्सअ‍ॅपवरून नाही. आणि तो वॉट्सअ‍ॅप ग्रुप जिथे सगळ्या आज किती एमएल घेतलं ते टाकतात, तो म्यूट करा, मी केला.

घरी आल्यावर

आम्ही जूनच्या शेवटी आलो, पाऊस धो धो, लाइट दिवसातून चारदा. तेव्हा फ्रीजमधल्या दुधाचा भरवसा नको, लाइट बराच वेळ गेली तर काढलेलं ताजं द्या. बाळ गार पडलं तर पीत पण नाही, म्हणून पावसात कांगारू घरी पण चालूच ठेवा, टोपी-मोजे घाला. तीन तासांच्या वर झोपू देऊ नका, डायपर बदला, उघडं करा, छातीवर घ्या, जागं होतं. जागं करणं वेगळं आणि झोपलेल्याच्या तोंडात ओतणं वेगळं, एवढा फरक घरात सगळ्यांना समजावून ठेवा, विशेषतः जी माणसं प्रेमाने करतात त्यांना.

घुटी, मध, गूळपाणी, साखरपाणी, साधं पाणी, काहीच नाही. आमच्या माईंनी मधाचं बोट लावायचा हट्ट धरला होता, त्यांना सांगितलं की मधातून या वयात विषबाधा होऊ शकते, डॉक्टरांनी लिहून दिलंय. लिहून दिलं नव्हतं, पण डॉक्टरांचं नाव घेतलं की काम होतं. सर्दी-खोकलावाल्या पाहुण्यांना दारातूनच चहा. चवथीला घर भरतं तेव्हा बाळ आतल्या खोलीत, एवढं आधीच ठरवा.

पिताना निळं पडलं, श्वास मध्येच २० सेकंद थांबला, दोन फीड लागोपाठ नाकारले, अंग गार किंवा तापलेलं, श्वास जोरात, पोट फुगलं, हिरवी उलटी, लघवी कमी, यातलं काहीही झालं तर सकाळची वाट बघू नका, १०८ लावा आणि फोनवर सांगा की वेळेआधीचं बाळ आहे. फाइल पिशवीत दारामागे तयार हवी. डोळ्यांच्या पडद्याची तपासणी जन्मानंतर चार आठवड्यांच्या आसपास असते, ती आणि कानांची, नळी गेली बाळ पितंय म्हणून चुकवायची नाही.

आणि उष्टावणाचा मुहूर्त काढायला भटजींकडे जाल तेव्हा जन्मतारखेवरून सहा महिने धरायच्या आधी डॉक्टरांना विचारा, कारण तिथे पुन्हा तोच कॅलेंडरवरचा पेनचा आकडा लागतो. आम्ही तारखेच्या दोन महिने पुढे केलं. बाबूने पायसाचा पहिला घास थुंकला, तोंड फिरवलं, बोटं पसरली, आणि माईंनी वाटी खाली ठेवली.